ब्रेकच्या मुठीतले ग्रॅम

रोड बाईकचं वजन कमी करायला निघालेला माणूस आधी चाकं बदलतो, मग सीट, मग सीटपोस्ट. एवढं झाल्यावर त्याची नजर हॅन्डलबारवरच्या दोन लिव्हरकडे वळते. तिथे वजन आहे, यात शंका नाही. पण ते नेमकं कशाचं, हे शिमानोच्या एकाच मालिकेच्या आकड्यांवरून फार छान कळतं. ड्युरा-एसची २०१६ मध्ये जाहीर झालेली पिढी चार प्रकारच्या लिव्हरमध्ये मिळत होती, आणि कंपनीने दिलेली जोडीची वजनं अशी होती : तारेचे ब्रेक आणि तारेचे गिअर असतील तर ३६५ ग्रॅम, तारेचे ब्रेक आणि बॅटरीवरचे गिअर असतील तर २३०, हायड्रॉलिक ब्रेक आणि बॅटरीवरचे गिअर, ३६०, हायड्रॉलिक ब्रेक आणि तारेचे गिअर, ५०५.

आता वजाबाकी करू. तारेच्या ब्रेकऐवजी तेलाचा ब्रेक घेतला की जोडीमागे १३० ते १४० ग्रॅम वाढतात, गिअर कोणतेही असोत. तारेच्या गिअरऐवजी बॅटरीचे गिअर घेतले की जवळपास तेवढेच, १३५ ते १४५ ग्रॅम कमी होतात. म्हणजे लिव्हरमध्ये दोन यंत्रं शेजारी शेजारी बसलेली आहेत आणि दोघांचं वजन साधारण सारखं आहे. त्यातलं गिअरचं यंत्र, दातेरी चकत्या, स्प्रिंगा आणि खटके, काढून टाकता आलं. त्याच्या जागी बटणं आली. मात्र तिथून निघालेलं वजन पूर्णपणे नाहीसं झालं नाही. काही भाग गिअर बदलणाऱ्या डीरेलरमधल्या मोटरमध्ये गेला, काही सीटपोस्टमध्ये दडवलेल्या बॅटरीत. तरीही या आकड्यांत हायड्रॉलिक लिव्हरचं सर्वांत जास्त वजन ज्या बदलाने घटलं तो बदल हाच, आणि त्याचा ब्रेकशी काही संबंध नव्हता. पुढची पिढी २०२१ मध्ये आली, तेव्हा ३६०चे ३५० झाले. पाच वर्षांच्या संशोधनातून जोडीमागे दहा ग्रॅम. शिमानोसारख्या कंपनीला एवढंच साधलं असेल, तर उरलेले ग्रॅम तिथे का चिकटून बसलेत हे बघायलाच हवं.

मी हे रसमड्याहून लिहितो आहे. दुर्गहून राजनांदगावकडे निघालं की शिवनाथ ओलांडल्यावर हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावरचं हे छोटं स्टेशन लागतं. आजूबाजूला औद्योगिक वसाहत, स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल. पूर्वेला भिलाईचा पोलाद कारखाना, ज्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झाली. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे इथे मराठी घरं जुनी आहेत. कारखाना आल्यावर आणखी वाढली. रस्ते सपाट. खरा घाट हवा असेल तर बस्तरच्या वाटेवर केशकालपर्यंत जावं लागतं, तिथली बारा वळणं प्रसिद्ध आहेत. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाने ब्रेकच्या लिव्हरमधल्या ग्रॅमचा विचार करावा का, हा प्रश्न रास्त आहे. पण पोलादाच्या गावात राहिल्याने एक गोष्ट लवकर कळते : वजन कमी करण्याची चर्चा सुरुवातीला धातूंवर येते आणि तिथेच फसते.

पोलादाची घनता पाण्याच्या ७.८५ पट, टायटॅनियमची साधारण ४.४, ॲल्युमिनियमची २.७, मॅग्नेशियमची १.७४. हे आकडे पाहून कुणालाही वाटेल की पोलाद काढा, ॲल्युमिनियम घाला, वजन एकतृतीयांश झालंच. पण ताठपणाचे आकडे त्याच प्रमाणात उतरतात. पोलादाचा यंग मापांक सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियमचा ११०, ॲल्युमिनियमचा ७०, मॅग्नेशियमचा ४५. प्रत्येकाचा ताठपणा त्याच्या घनतेने भागून पाहा : चारही उत्तरं २५ ते २६च्या आसपास येतात. निसर्गाने या चार धातूंना ताठपणाच्या बाबतीत ग्रॅममागे जवळपास समान हिस्सा दिला आहे. नुसतं ताणायचं किंवा दाबायचं असेल तर धातू बदलून काहीच मिळत नाही.

फायदा होतो तो वाकण्याच्या वेळी. पट्टी वाकवायला लागणारं बळ तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. तेवढ्याच वजनाची, तेवढ्याच रुंदीची ॲल्युमिनियमची पट्टी पोलादी पट्टीच्या २.९ पट जाड होते. २.९चा घन साडेचोवीसच्या आसपास, त्यातून ताठपणाची तूट वजा जाता ती साडेआठपट ताठ निघते. ब्रेकची दांडी, जिच्यावर बोटं येतात, ती वाकणारीच वस्तू आहे. म्हणून ती ॲल्युमिनियमची, जाडसर आणि आतून कोरलेली असते. महागड्या लिव्हरमध्ये ती कार्बन फायबरची असते, कारण तंतू ज्या दिशेला अंथरले त्या दिशेत ग्रॅममागे ताठपणा धातूंच्या कितीतरी वर जातो. दांडीचं आकारमान समजा दहा घन सेंटिमीटर धरलं, तर ॲल्युमिनियमची २७ ग्रॅमची होईल आणि कार्बनची १६ची. हा फरक खरा आहे आणि त्यासाठी पैसे मोजणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही.

ज्या खिळीवर दांडी फिरते तिची गोष्ट वेगळी. तिला जाड व्हायला जागाच नाही. चार मिलिमीटर व्यासाची, पंचवीस मिलिमीटर लांबीची पोलादी खीळ अडीच ग्रॅमची असते. टायटॅनियमची केली तर एक ग्रॅम वाचेल. ॲल्युमिनियमची केली तर दीड ग्रॅमहून थोडं अधिक वाचेल, आणि ज्या दिवशी जोरात ब्रेक मारावा लागेल त्या दिवशी ती कापली जाण्याची भीती राहील.

ती खीळ नेमकं किती सोसते, हे समजून घेण्यासाठी तेलाच्या ब्रेकचं गणित एकदा शेवटपर्यंत करायला हवं. त्यातच या साऱ्या वजनाचं कारण दडलेलं आहे. तत्त्व पास्कलचं आहे : बंद द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे तेवढाच पोचतो. सतराव्या शतकात त्याने हे मांडलं आणि १७९५ मध्ये जोसेफ ब्रामाने त्यावर दाबयंत्राचं पेटंट घेतलं. लिव्हरच्या पोटात एक छोटा सिलिंडर असतो, त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. तिथून बारीक नळीने तेल चाकापाशी कॅलिपरमध्ये जातं आणि तिथले दोन मोठे पिस्टन पॅडना डिस्कवर दाबतात.

उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. दांडीचं यांत्रिक प्रमाण पाच, मास्टर सिलिंडरचा व्यास १० मिलिमीटर, कॅलिपरच्या पिस्टनचा २२. बोटांनी ५० न्यूटन, म्हणजे पाच किलो वजनाएवढं, बळ लावलं. दांडीमुळे पिस्टनवर त्याचे २५० न्यूटन झाले. सिलिंडरचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस मिलिमीटर, तेव्हा तेलाचा दाब झाला सुमारे ३२ बार. रोड बाईकच्या फुगवलेल्या टायरमध्ये सहा-सात बार असतो हे ध्यानात घ्या. प्रत्येक पॅड १,२०० न्यूटनने, म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास बळाने, डिस्कला भिडतो. हे झालं साध्या ब्रेकचं. कुत्रं आडवं आलं आणि बोटं १५० न्यूटनने आवळली गेली, तर सगळं तिप्पट : दाब शंभर बारच्या जवळ, आणि खिळीवर काही शे न्यूटनचा भार. सायकलींच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ४२१०, हातब्रेकच्या ताकदीच्या चाचणीत लिव्हरवर ४५० न्यूटनपर्यंत बळ लावून बघायला सांगतं, तेही दहा वेळा. कारखान्यातून निघालेली लिव्हर या हिशेबावर बेतलेली असते. घरी ड्रिल घेऊन बसलेल्या माणसाकडे हा हिशेब नसतो.

मग सिलिंडरच लहान केला तर? व्यास दहाऐवजी आठ घेतला तर भोवतीचं सगळं अंग आकसतं, दोन-चार ग्रॅम वाचतात, आणि वर बळही दीडपटीहून वाढतं. कागदावर हा सौदा उत्तम दिसतो. पण पॅड आणि डिस्क यांच्यात दोन्ही बाजूंना फट ठेवावी लागते, नाहीतर चाक घासत राहतं. फट पाव मिलिमीटरची धरली तर ती मिटवायला कॅलिपरमध्ये १९० घन मिलिमीटर तेल ढकलावं लागतं. दहाच्या सिलिंडरला त्यासाठी पिस्टन २.४ मिलिमीटर सरकवावा लागतो, आणि दांडीच्या टोकाशी बोट १२ मिलिमीटर आत येतं. आठच्या सिलिंडरला तेच काम करायला बोट १९ मिलिमीटर आत ओढावं लागेल, आणि तोवर ब्रेक लागायला सुरुवातच झालेली नसेल. लांब बोटांच्या माणसाचं यात फार बिघडणार नाही. लहान हाताच्या स्त्रीला किंवा चौदा वर्षांच्या मुलाला ती लिव्हर निरुपयोगी ठरेल. वाचलेल्या ग्रॅमची किंमत बोटाच्या मिलिमीटरमध्ये मोजली जाते, आणि ती वजनाच्या यादीत कुठेच छापलेली नसते.

तेलाच्या टाकीचं तसंच. मास्टर सिलिंडरच्या डोक्यावर एक चिमुकला कप्पा असतो आणि त्यात रबरी पडदा. ब्रेक करताना त्याचा काहीच उपयोग दिसत नाही, म्हणून वजन घटवायला निघालेल्याला तो आधी खुपतो. पण पॅड झिजत जातात. दोन्ही पॅड एकेक मिलिमीटर झिजले की त्यांच्या मागे पाऊण घन सेंटिमीटर तेल जास्त उभं राहायला हवं. हे तेल त्या कप्प्यातून येतं. मास्टर सिलिंडरचा पूर्ण फेरा आठ मिलिमीटरचा धरला तर त्यात मावणारं तेल ०.६३ घन सेंटिमीटर. म्हणजे कप्पा नसता तर पॅडची पहिली मिलिमीटरभर झीजच लिव्हरचा संपूर्ण फेरा खाऊन टाकती आणि दांडी हॅन्डलबारला टेकती. शिवाय उतारावर तेल तापून फुगतं, ती वाढही याच कप्प्यात सामावते. माउंटन बाईकवर पूर्वी असे बंद, बिनकप्प्याचे ब्रेक होते. हलके होते, पण झीज आणि तापमान बघून स्वाराला स्वतः चाकी फिरवून ते जुळवून घ्यावे लागत. घन सेंटिमीटरभर जागेने ती कटकट संपवली. लिव्हरमधला कोणता भाग मला सर्वांत हुशारीचा वाटतो असं विचारलं, तर मी त्या पडद्याकडे बोट दाखवेन.

दाब धरणारे भाग सोडून एक वाट उरते : सिलिंडरच लिव्हरमधून बाहेर काढणं. टीआरपी कंपनीच्या एचवाय-आरडी या ब्रेकमध्ये तसंच केलं आहे. लिव्हर साधी, तारेची आणि हलकी राहते. तार कॅलिपरपर्यंत जाते आणि मास्टर सिलिंडर तिथेच बसवलेला असतो. लिव्हर हलकी झाली, कॅलिपर जड झाला. ज्यांच्याकडे जुन्या तारेच्या लिव्हर आहेत त्यांना ही सोय कामाची आहे, पण एकूण सायकल हलकी होत नाही. बॅटरीच्या गिअरमध्ये जे घडलं तेच इथे पुन्हा दिसतं.

घरी काय करता येतं? क्लॅम्पचे बोल्ट बदलता येतात. लिव्हर हॅन्डलबारला आवळणारा पोलादी बोल्ट टायटॅनियमचा केला तर त्याच्या वजनात ४४ टक्के घट होते. पाच ग्रॅमचा बोल्ट तीन ग्रॅमच्या खाली येतो. टायटॅनियमचे आटे कोरडे आवळले तर एकमेकांत चावतात आणि पुढे निघता निघत नाहीत, म्हणून अँटी-सीझ पेस्ट लावायची आणि टॉर्क रेंचनेच आवळायचं. कार्बनचा हॅन्डलबार असेल तर त्याच्या निर्मात्याने दिलेली मर्यादा आधी वाचायची. ॲल्युमिनियमचे रंगीत बोल्ट बाटलीच्या पिंजऱ्याला लावावेत. ब्रेकपाशी त्यांना जागा नाही.

नळी बेताची कापता येते. नळी आणि तिच्यातलं तेल मिळून मीटरला वीस ग्रॅमच्या आसपास भरतात, म्हणजे दहा सेंटिमीटर फाजील नळी कापली तर दोन ग्रॅम. याला मी वजन घटवणं म्हणण्यापेक्षा नीटनेटकेपणा म्हणेन, पण करावं जरूर. हॅन्डलबार दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहायचा, नळीला ताण बसत नाही याची खात्री करायची, मगच कापायची. कापली की नळीच्या टोकावरचे जुने छोटे जोड, ऑलिव्ह आणि बार्ब, फेकून नवे घालायचे आणि ब्रेक ब्लीड करायचा, म्हणजे तेलातली हवा काढून टाकायची. तेलात अडकलेला हवेचा बुडबुडा दाबला जातो, तेल दाबलं जात नाही. त्या बुडबुड्यामुळे लिव्हर स्पंजासारखी लागते आणि वर काढलेला सगळा हिशेब कोलमडतो.

तेल हलकं घालावं असंही काहींच्या मनात येतं, कारण मिनरल ऑईलची घनता डॉट प्रकारच्या द्रवापेक्षा कमी असते. दोन्ही ब्रेकमधलं मिळून सगळं तेल काही घन सेंटिमीटर. फरक फार तर दोन-तीन ग्रॅमचा. त्यासाठी डॉटच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑईल ओतलं तर सील फुगतात आणि ब्रेक बाद होतो. उलट केलं तरी सील खराब होतात. सिलिंडरवर जे तेल लिहिलेलं असेल तेच.

आणि भोकं पाडणं. १९७०च्या दशकात युरोपात याची लाट आली होती. चेनरिंग, ब्रेकच्या दांड्या, सीटपोस्ट, जिथे हात पोचेल तिथे ड्रिल चाललं. एडी मर्क्सने २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत तासाचा विक्रम केला, ४९.४३१ किलोमीटर, तेव्हा एर्नेस्तो कोल्नागोने त्याच्यासाठी बनवलेली सायकल ५.७५ किलोची होती आणि तिच्या हॅन्डलबारलाही भोकं पाडलेली होती. पण ती ट्रॅकची सायकल. तिला ब्रेकच नव्हते, आणि ती तासभर टिकली की काम झालं. ॲल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची खालची सीमा नसते : पोलादावरचा ताण एका मर्यादेच्या आत ठेवला तर ते अगणित वेळा सोसतं, ॲल्युमिनियममध्ये लहान ताणाचंही नुकसान साचत जातं. भोकाच्या कडेला ताण सपाट भागाच्या सुमारे तिप्पट होतो, आणि तडा तिथूनच निघतो. रोज वापरायच्या सायकलीवर, आपल्या रस्त्यांच्या हादऱ्यांवर, भोकं पाडलेली दांडी मला कुणाच्याही हाताखाली बघायची नाही.

रबराच्या सीलवर कुणी वजन वाचवायला जात नाही, कारण ते ग्रॅमभराचेही नसतात. पण या सगळ्यांत ब्रेकचं आयुष्य त्यांच्यावर उभं असतं. २०१३ मध्ये स्रॅम कंपनीने रोड बाईकसाठी आपले पहिले हायड्रॉलिक ब्रेक आणले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते परत मागवले; कडाक्याच्या थंडीत मास्टर सिलिंडरचे सील दाब धरेनात. रसमड्यात गोठवणारी थंडी नाही, पण हवेत धूळ आहे. स्पंज आयर्नच्या पट्ट्यात सायकल कापडाने पुसली तर कापड काळं होतं. ही धूळ तारेच्या ब्रेकच्या आवरणात शिरते, तार खरखरते, पावसाळ्यात गंजते. तेलाची नळी दोन्ही टोकांना बंद असते. मला वाटतं, या भागात हायड्रॉलिक ब्रेक घेण्याचं सर्वांत पटणारं कारण हेच आहे, आणि त्या १३० ग्रॅमचा मोबदला इथे रोज मिळतो. फक्त हूडचं, म्हणजे लिव्हरच्या कवचाचं, रबर वर करून पिस्टनच्या तोंडाशी साचलेली धूळ अधूनमधून पुसायला हवी.

व्यावसायिक शर्यतींनी हे ब्रेक सहजासहजी स्वीकारले नाहीत. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०१५ मध्ये चाचण्या सुरू केल्या, २०१६ च्या पॅरिस–रुबे शर्यतीत फ्रान व्हेंतोसोच्या पायाला झालेल्या जखमेचं खापर डिस्कवर फुटल्यानंतर त्या थांबवल्या, पुढे परत चालू केल्या आणि जुलै २०१८ मध्ये डिस्कला पूर्ण मान्यता दिली. जड डिस्क ब्रेक लावूनही सायकली चालल्या, कारण त्याच संघटनेने २००० सालापासून शर्यतीच्या सायकलीला ६.८ किलोची किमान मर्यादा घातलेली आहे. कार्बनच्या चौकटी इतक्या हलक्या झाल्या होत्या की ब्रेकचे जादा ग्रॅम त्या मर्यादेखाली मावून गेले.

आता शेवटचा हिशेब, जो ऐकायला अनेकांना आवडत नाही. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ ठरतो तो बोरघाटात. खोपोलीहून वर यायला सुमारे ५०० मीटर चढावं लागतं. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो, पायांची ताकद २०० वॉट. नुसत्या चढण्याला ३५ मिनिटं लागतील. हायड्रॉलिक लिव्हरचे जादा १४० ग्रॅम सगळेच्या सगळे काढून टाकता आले, तर या चढात साडेतीन सेकंदांच्या आत वाचतात. बोल्ट आणि नळीतून काढलेल्या वीस ग्रॅमने अर्धा सेकंद. एक घोट पाणी कमी नेलं तरी तेवढं साधतं. घाटाचा राजा ठरवायला साडेतीन सेकंद पुरतात, म्हणून शर्यतीच्या स्वाराने त्यांची काळजी जरूर करावी. रसमडा ते राजनांदगाव सपाटीवर, ताशी ३० किलोमीटरने, त्या १४० ग्रॅमना ओढायला एका वॉटचा सतरावा भाग लागतो.

लिव्हर फिरत नाही, हेही विसरू नये. चाकाच्या रिममधला ग्रॅम वेग घेताना जवळपास दुप्पट भरतो, कारण तो पुढे सरकतो आणि गरगर फिरतोही. लिव्हरमधला ग्रॅम एकदाच मोजला जातो. मात्र फिरणाऱ्या डिस्कमधून ग्रॅम काढणं हे लिव्हरपेक्षा धोक्याचं. ताशी ५० किलोमीटरवरून एकदा थांबलं की ८५ किलोंमधली आठ हजारांहून अधिक ज्यूल ऊर्जा उष्णता बनते. पुढच्या ब्रेकने त्यातली सत्तर टक्के घेतली आणि डिस्क शंभर ग्रॅमची असली, तर हवेने थंड होण्याआधी ती सुमारे सव्वाशे अंशांनी तापू शकते, एका थांब्यात. डिस्क जितकी हलकी तितकी जास्त तापणार. बोरघाट उतरताना असे थांबे एकामागून एक येतात, आणि पावसाळ्यात ओलसर रिमवर घसरणाऱ्या जुन्या ब्रेक-शूंची आठवण असलेल्या माणसाला तिथे डिस्कचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

लांब पल्ल्याच्या स्वारांना हातांचं दुखणं वजनापेक्षा जास्त छळतं. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात रेस ॲक्रॉस अमेरिका पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पार केली. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत ४,८०० किलोमीटरच्या आसपास. एवढं अंतर तळहात टेकलेला असतो तो लिव्हरच्या हूडवर. तळहाताच्या कडेने जाणारी अल्नर नस तिथे दबली की करंगळी आणि अनामिका बधिर होतात, पकड सुटते, ब्रेक ओढायचं बळ उरत नाही. कमी बळात लागणारा ब्रेक त्या बोटांना आधार देतो. ज्या कवचात सिलिंडर आणि टाकी बसवलेली आहे त्याचा आकारच हाताची उशी ठरतो. म्हणून नवी लिव्हर निवडताना वजनाचा आकडा बघण्याआधी हूड हातात धरून पाहावं, हातमोजे घालून आणि काढून. बहुतेक लिव्हरमध्ये दांडी हॅन्डलबारपासून किती दूर राहावी हे ठरवणारा छोटा स्क्रू असतो. तो ॲलन कीने फिरवून पहिल्या पेराखाली दांडी आली की थांबायचं.

आणि बोल्ट बदलले, नळी कापली, ब्लीड केलं, तर रस्त्यावर जाण्याआधी उभ्या सायकलीवर दोन्ही लिव्हर पूर्ण ताकदीने मिनिटभर आवळून धराव्यात. दांडी हळूहळू आत सरकत गेली तर कुठेतरी सील किंवा जोड दाब सोडतो आहे. नळीच्या नटाभोवती कोरडा कागद दाबून बघावा, तेलाचा डाग कागदावर लगेच उमटतो. लिव्हर हॅन्डलबारवर फिरते का हे खालीवर जोर देऊन तपासावं. हे सगळं ठीक निघालं की मगच पहिला उतार, तोही ओळखीचा.